सरकीसकट स्पीकर

माझ्या साडूचा मला येणारा राग आजचा नाही. त्याच्या लग्नात आहेरात आलेल्या मिक्सरचं वॉरंटी कार्ड त्याने मांडवातच, अक्षता केसांत असताना, शेवटच्या ओळीपर्यंत वाचून काढलं होतं, तेव्हापासूनचा आहे. हा माणूस पुढे मला छळणार, हे मी त्याच पंगतीत बायकोच्या कानात सांगितलं होतं. ती म्हणाली, "बुंदी खा."

मी अमरावतीत, राजापेठेत फिजिक्सचे क्लास घेतो. तो अकोल्यात कीटकनाशकं विकतो. म्हणजे मी पोरांच्या डोक्यातली अळी मारतो आणि तो बोंडातली, आणि खरं सांगायचं तर आताशा दोन्ही अळ्या आमच्या औषधाला भीक घालत नाहीत. पण तो त्यावर फ्लॅट घेऊन बसला आणि मी स्पीकर बनवत बसलो.

स्पीकर मी कॉलेजात असल्यापासून बनवतो. पहिला माठात बसवला होता. त्याचा आवाज असा घुमायचा, की आमच्या गल्लीतली म्हैस दोन दिवस रेडकाऐवजी माठाकडे तोंड करून हंबरत होती. दुसरा ज्वारीच्या कोठीत. तो लावल्यावर समोरच्या घरची मांडणीवरची भांडी पडायची, आणि समोरची काकू भांडी उचलायच्या आधी आमच्या दारात यायची. त्यानंतर किती झाले ते मोजलं नाही. दुकानात जाऊन, एसीत बसून, गळ्यात टाय बांधलेल्या पोराच्या तोंडून "सर, फील करा, आवाजात हवा आहे" असलं काही ऐकून स्पीकर विकत घेणारी माणसं मला मुळातच आवडत नाहीत. हवा फुग्यातही असते.

आणि साडूने नेमकं तेच केलं. मुंबईहून दोन स्पीकर आणले. उंची माझ्या बायकोएवढी, रुंदी साडूच्या मनाएवढी, म्हणजे जेमतेम एक वीत. काळे, गुळगुळीत, मयतीला आलेल्या दोन परक्या माणसांसारखे भिंतीला लागून उभे. किंमत त्याने सांगितली नाही. पण ती न सांगण्याच्या त्याने इतक्या तऱ्हा केल्या, की अर्ध्या तासात मला कळलं, एवढ्यात पातूरला विहिरीसकट वावर आलं असतं.

पातूर म्हणजे आमची दोघांची सासुरवाडी. सासरे निवृत्त मास्तर, आम्ही त्यांना मामाजी म्हणतो. सासूबाई गेल्या त्याला काही वर्षं झाली. मामाजींकडे सासूबाईंच्या आवाजाची एकच खूण उरली होती, एक कॅसेट. पोरी शाळेत असताना एका संध्याकाळी मामाजींनी स्वयंपाकघरात टेपरेकॉर्डर नेऊन ठेवला आणि सासूबाईंना भुलाबाईची गाणी म्हणायला लावली. त्या पोळ्या, भाजी, आंघोळ, भांडण सगळं एकाच वेळी करणाऱ्या बाई. परातीवर थापेचा ठेका धरून त्या गायल्या, दोन्ही पोरी मागे कोरस. ती कॅसेट मामाजी पानाच्या स्टीलच्या डब्यात ठेवायचे आणि रोज संध्याकाळी ऐकायचे. मागच्या वर्षी त्यांचा टेपरेकॉर्डर बंद पडला. मी दुरुस्त केल्यावर आठच दिवसांत पडला, असं साडू सांगतो. नऊ दिवस झाले होते.

आता कॅसेट कोणाकडे ठेवायची, यावर दोन्ही बहिणींची धुसफूस सुरू झाली. मी म्हटलं, कॉपी काढू, दोघींना एकेक. मामाजी भडकले.

"बाई एकच होती माही. झेरॉक्स कायची काढता? दोन घरी दोन टेपा, म्हंजे मंग कोनीच ऐकनार नाही. एकाच घरी राहीन ते. ज्याच्या घरी आवाज तिच्यासारखा वाटन, त्याच्या घरी. मीबी तिथीच येऊन ऐकत जाईन."

घरी येताना एसटीत बायकोने बडनेऱ्यापर्यंत खिडकीची काच चारदा लावली आणि चारदा उघडली. मग म्हणाली, "माह्या मायचा आवाज त्या फवाऱ्याच्या घरी गेला ना, तर तुमी तुमचे सारे खोके घेऊन गच्चीवर राहायले जा. ताट मी वरच पाठवत जाईन."

सामना ठरला. पहिली पाळी अकोल्याची, कारण स्पीकर तयार होते. आणि यातला सगळ्यात मोठा अपमान असा, की साऱ्या नात्यात चालू असलेला कॅसेट डेक एकच होता, तो माझा. म्हणजे माझंच यंत्र मांडीवर घेऊन, अमरावतीहून अकोल्यापर्यंत, बडनेऱ्याच्या खड्ड्यात त्याला आणि मूर्तिजापूरच्या खड्ड्यात मला सांभाळत, शत्रूच्या घरी त्याची शान वाढवायला मी घेऊन गेलो. वऱ्हाडात आजवर कोणी आपल्या वैऱ्याच्या तलवारीला धार लावून दिली असेल तर तो मी.

साडूने जुन्या शहरातलं बापाचं घर सोडून मोर्णा नदीच्या या अंगाला फ्लॅट घेतला आहे. जुन्या घरात धूळ येते, म्हणे, स्पीकरला सोसत नाही. दारातच पायपुसणं, मग दुसरं पायपुसणं. स्पीकरला हात लावायचा तर तो पांढरे हातमोजे घालतो. दुकानात विषाच्या बाटल्या उघड्या हाताने उचलणारा माणूस! खोलीच्या मध्यभागी एकच खुर्ची. आवाज फक्त त्या खुर्चीत बरोबर येतो. बाकीच्यांनी, म्हणजे मी, बायको आणि मेहुणी, भिंतीला पाठ लावून ओळखपरेडीसारखं उभं राहायचं.

"मामाजी, मान हालवू नका," साडू म्हणाला.

"अन् खोकला आला त?"

"दोन गान्याच्या मधात खोका."

"मले तुह्या दुकानातली भाव लिहेल पाटी समजून राहिला काय बे? मान हालत नसन त मी कायचा माणूस?"

पण बसले बिचारे.

आणि मग सुरू झालं. मी शपथेवर सांगतो, मला वाईट ऐकू यावं म्हणून मी खूप प्रयत्न केला. एक कान मुद्दाम भिंतीला टेकवला. पण त्या काळ्या फळ्यांतून सासूबाईंच्या हातातल्या बांगड्या वेगवेगळ्या वाजल्या. काचेची वेगळी, पाटलीची वेगळी. परातीवरची थाप, पंख्याची करकर, खिडकीबाहेर सायकलची घंटी. माझ्या बायकोचा पोरवयातला आवाज एका ठिकाणी चुकला आणि तिने माझ्या शेजारी उभ्या उभ्या ओठ चावला. शेवटचं गाणं संपलं. नुसती खरखर राहिली. साडू हातमोजा सावरत डेककडे निघाला, तेवढ्यात खरखरीतून बाई बोलल्या. हळू, तोंड दुसरीकडे करून.

"झालं काय तुमचं? बंद करा ते. दाणे करपून राहिले."

मामाजींनी सगळे नियम मोडून मान वळवली. स्पीकरकडे नाही, त्या फ्लॅटचं स्वयंपाकघर जिकडे होतं तिकडे.

"आता बोलली ना ते?"

"हो मामाजी," साडू म्हणाला. त्याचा आवाजही जरा बसला होता, पण ती गोष्ट मी त्याच्यासमोर कधी कबूल करणार नाही. "ते टेपवर पयलेपासूनच हाय. तुमच्या जुन्या डब्ब्यात येत नोतं."

"करपलेच होते दाणे त्या दिवशी," मामाजी म्हणाले. "मीच म्हटलं होतं, अजून एक गानं म्हन."

 अशा वेळी शहाण्या माणसाने हरल्याचं मान्य करावं. मी म्हणालो, "साफ हाय. पन कोरडं हाय. दवाखान्यातल्या नर्सनं गाणं म्हटल्यावानी."

साडूने माझ्याकडे पाहिलं, जसा तो बोगस बियाणं परत आणणाऱ्या गिऱ्हाइकाकडे पाहतो. "मंग ऐकवा ना तुमचं ओलं, साडूबुवा. आमी येतो. टॉवेल घेऊन येतो."

मी महिनाभर झोपलो नाही असं म्हणणार नाही, मी बिनझोपेचा चौथ्या तासाला पडतो. पण महिनाभर क्लासमधल्या पोरांना गुरुत्वाकर्षण शिकवताना माझं चित्त गच्चीवर होतं. खोक्याला लाकूड घेतलं बाभळीचं. वखराला लागतं तेच. सुतार म्हणाला, सर, याले रंधा मारन्यापेक्षा तुमी मलेच मारा. दोन रंधे बोथट झाले, तिसऱ्याने राजीनामा दिला. खोके तयार झाले तेव्हा चार माणसांनी एकेक उचलून गच्चीवरून माडीवर उतरवला आणि त्यातला एक जण अजून वाकूनच चालतो.

खोक्याच्या आत काहीतरी मऊ भरावं लागतं, नाही तर आवाज आतल्या आत आपटतो. मोबाइलवर जगभरचे शहाणे सांगतात, पॉलिस्टरचा कापूस भरा. माझं रक्त उकळलं. वऱ्हाडात जन्मलो, काळ्या मातीत बाप राबला, भावाच्या घरी मधल्या खोलीत छतापर्यंत कापूस रचलेला, आणि मी प्लास्टिकचा कापूस विकत आणू? गावाकडून दोन पोती घरचा कापूस आणला. पांढरा, लांब धाग्याचा, सरकीसकट.

कोपऱ्यावरचा गादीवाला तो पाहून म्हणाला, "सर, सरकी काढून घ्या. पिंजून देतो मस्त."

"सरकी राहू दे. सरकीनं वजन येते. बेस दबते."

"बेस काय असते मले माहीत नाही. पन सरकीसकट कापूस घरात घेऊन कोन झोपते?"

"हा झोपायचा नाही, वाजायचा हाय."

तो माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिला. त्या पाहण्याचा अर्थ कळायला फिजिक्सची पदवी आड आली. ज्या खोलीत कापूस साठवला त्या खोलीत झोपलं की अंगाला खाज सुटते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. माझा भाऊ कापूस विकेपर्यंत बायकापोरांसकट ओसरीत झोपतो. मी लहानपणी त्याच खाजेने आठ दिवस कडुलिंबाच्या पाण्याने आंघोळ केली आहे. पण माणूस एकदा स्वतःला इंजिनिअर समजू लागला, की तो शेतकऱ्याचा मुलगा असल्याचं विसरतो.

आणखी एक केलं. सासूबाईंचा आवाज जरा किरटा होता. मला वाटलं, त्याला गोडवा आणावा. म्हणून सर्किटमध्ये दोन पार्ट जास्तीचे टाकून वरचे टोकदार आवाज छाटले. जिवंतपणी ज्या बाईला अख्ख्या पातूर तालुक्यात कोणी गोड करू शकलं नाही, तिला मी दोन पार्टांत गोड करायला निघालो होतो.

रविवारी सकाळी सगळे आले. मामाजी डबा घेऊन. मेहुणी. साडू पांढऱ्याशुभ्र लिननच्या शर्टात, बगलेत खरंच टॉवेल. मी मामाजींना अगदी खोक्यासमोर बसवलं. खोक्याला पुढून एक भोक असतं, आतली हवा ये-जा करायला. तिथे बसलं की ठेका छातीत लागतो.

"मान हालवली त चालन काय?" मामाजींनी विचारलं.

"नाचले तरी चालन," मी साडूकडे पाहत म्हणालो.

आणि आवाज लागला. आता मी बढाया मारतो हे जगजाहीर आहे, पण हे खरं आहे. सासूबाई माझ्या घरात येऊन बसल्या. भरल्या अंगाच्या, घसा स्वच्छ, परातीवरची थाप तर अशी की खाली राजापेठेत एका स्कूटरवाल्याने ब्रेक दाबला. बायकोने पदराने डोळे टिपले. मेहुणीने बहिणीचा हात धरला. मी साडूकडे पाहिलं. साडू मान खाजवत होता.

हरला, मी म्हटलं. पण तो मग पाठ खाजवू लागला. मग मेहुणी कोपर. मग माझं पोट. प्रत्येक थापेला त्या भोकातून हवेचा एक फुत्कार येत होता आणि सरकीतलं जे काही न दिसणारं जिवंत होतं ते सगळं आमच्या अंगावर उडवत होता. दुसऱ्या गाण्यापर्यंत आम्ही पाचही जण अशा लयीत खाजवत होतो, की बाहेरून कोणी पाहिलं असतं तर नाचच समजला असता. आणि तिसऱ्या गाण्याला भोकाच्या काठावर एक भुरकट पतंग येऊन बसला. पंख झाडले. त्याच्या मागून दुसरा. मग म्हणाल तर पाच, माझ्या साडूला विचाराल तर पाचशे.

साडूने एक पतंग चिमटीत धरून उजेडात पाहिला. त्याच्या तोंडावर जे समाधान आलं ते त्याला मुंबईच्या स्पीकरनेही दिलं नसेल.

"गुलाबी बोंडअळीचा हाय. साडूबुवा, तुमच्या स्पीकरले फवारनी लागते. या दुकानात, घरच्या माणसाले सूट देतो."

"तुमच्या औषधानं मेली असती त खोक्यात आली असती काय? हे तुमचंच औषध पिऊन वाढली!"

"निदान माह्या खोक्यातून गानं निघते, वावर नाही निघत!"

"चूप बसा बे दोघंबी!" मामाजी ओरडले. त्यांच्या मानेवर लाल गांध्या उठल्या होत्या, दोन्ही हातांनी दंड खाजवत होते, पण जागचे हलले नव्हते. "शेवटचं गानं हाय."

गाणं संपलं. खरखर आली. मामाजींनी खाजवणं थांबवलं आणि बोट वर केलं. "आता बोलन."

खरखर. खरखर. खट्. टेप संपला.

"पुना लाव."

पुन्हा लावला. त्या वेळी मला कळलं होतं. मी छाटलेल्या टोकात आणि त्या सरकीच्या ढिगात बाईंचं ते वाक्य गिळलं गेलं होतं. आवाज वाढवला, तर खरखर वाढली आणि पतंग वाढले. तिसऱ्यांदा लावलं. मामाजी कान खोक्याला लावून बसले, गालावर पतंग बसला तरी.

मग त्यांनी कॅसेट काढून मागितली, डब्यात ठेवली, झाकण लावलं. डबा मेहुणीच्या हातात दिला.

"गानं इथी चांगलं होते," ते म्हणाले. "पन इथी ते माह्यासंग बोलत नाही."

साडूने टॉवेलची घडी घालून पुन्हा बगलेत मारली. तो बोलला असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. बायकोने सगळ्यांना खाजेवर खोबरेल तेल दिलं. वाटी फिरत फिरत माझ्यापर्यंत आली तेव्हा रिकामी होती. सगळे गेल्यावर ती म्हणाली, "तुमी माह्या मायचं तोंड बंद केलं." आणि पोळ्या करायला गेली. त्यानंतर तीन आठवडे आमच्या घरी भाजीत मीठ होतं, पण बोलणं नव्हतं.

मग एक दिवस मोबाइलवर साडूकडून आवाजाची फाइल आली. मामाजींच्या नकळत त्याने कॉपी काढली होती. खाली लिहिलं होतं, "ताईसाठी. मामाजीले सांगू नका. तुमच्या खोक्यात येनार नाही, पन असू द्या." दान आणि लाथ एकाच लिफाफ्यात घालायची कला अकोल्यात एकट्यालाच येते.

मी पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला, तोंडाला टॉवेल बांधला आणि खोके उघडले. कापूस पोत्यात भरून गादीवाल्याकडे नेला. त्याने सरकी काढली, पिंजून दिला, एक शब्द बोलला नाही. ती शिक्षा मला पुरली. गोडव्याचे दोन्ही पार्ट उपटून फेकले. मग भोक लहान केलं, मोठं केलं, छोटा स्पीकर वर सरकवला, खाली सरकवला. बायको घरात नसेल तेव्हा ऐकायचो. बाईंचा आवाज पुन्हा किरटा झाला, पाटली वेगळी वाजायला लागली, सायकलची घंटी आली. वाक्य आलं असं मला वाटायचं, पण मला ते पाठ होतं. पाठ असलेलं वाक्य माणसाला मिक्सरमधूनही ऐकू येतं. मला माझ्या कानांचा भरवसा उरला नव्हता.

एका दुपारी बायको स्वयंपाकघरात मेथी निवडत होती. ती अजून तुटकच बोलायची. मी न सांगता लावलं. ती उठली नाही, आवाज बंद करा असंही म्हणाली नाही. गाणी संपली. खरखर सुरू झाली. मी दाराकडे पाठ करून बसलो होतो.

आतून ताट पडल्याचा आवाज आला. मी धावत गेलो. सगळी मेथी फरशीवर. बायको हातात फडकं घेऊन शेगडीसमोर उभी, दुसरा हात गॅसच्या बटनावर. शेगडी थंड. वर काहीच नव्हतं.

तिने बटनाकडे पाहिलं, हातातल्या फडक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मी दाणे टाकलेच नोते," ती म्हणाली.

"नाही."

"पुना लावा."

मी पुन्हा लावलं. त्या दिवशी मेथी संध्याकाळपर्यंत फरशीवरच होती.

परवा साडूचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं, मग मुद्द्यावर आला. "काय साडूबुवा, आलं काय मंग तुमच्या खोक्यात ऐकू? की अजून अळ्याच निघून राहिल्या?"

आता हो म्हणायचं म्हणजे त्याने फाइल पाठवल्याबद्दल आभार मानणं आलं. मी फोन स्पीकरवर टाकला, बायकोला ऐकू जावं म्हणून.

"नाही बाप्पा," मी म्हणालो. "तुमचं ते तुमचंच."

तो इतका खूश झाला, की मूर्तिजापूरपर्यंत हसू ऐकू गेलं असेल. बायको भाकरी थापत होती. तिने मान वर केली नाही. मी फोन ठेवल्यावर म्हणाली, "उद्या विचारलं त सांगा, काम सुरू हाय." आणि पिठाच्या हाताने मला पुन्हा लावायची खूण केली.